शरीरभार आणि हृदयाचा ताल

(मंडळाच्या के. आर. पुरम येथील सभेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी दुखण्याची वार्ता करणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु परप्रांती अकस्मात आजार उद्भवला, म्हणजे धावून येणारे सगेसोयरे शेकडो मैल दूर असतात. म्हणूनच हा विषय निवडला आहे.

अंगाने भरलेल्या माणसास ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून गौरवण्याची आपली रीत आहे. स्थूलतेतून मधुमेह जडतो, हे आता सर्वश्रुत आहे. मात्र तिच्यामुळे हृदयाचा तालही बिघडतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन १०९ किलोंवर गेले, की वैद्यकशास्त्र तिला अतिस्थूल मानते. एवढ्या देहास रक्त पुरविताना हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, ताणून विस्तारतात. हृदयाभोवती मेद साचतो, रक्तदाब वाढतो, घोरता घोरता झोपेत श्वास अडतो. अशा स्थितीत कर्णिका ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरू लागतात. तेथे रक्त साकळून झालेली गुठळी मेंदूत पोहोचली, तर पक्षाघात ओढवतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्थूल व्यक्तींना या विकाराचा धोका सुमारे दीडपट आढळला.

आपण अतिस्थूल नाही, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के! तेव्हा केवळ वजनकाट्यावर न विसंबता कंबरेचा घेरही मोजावा.

सुदैवाने ही वाट परतीची आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे हा विकार जडलेल्या स्थूल रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा टक्के वा अधिक वजन उतरविले, त्यांचा ताल सुरळीत राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट ठरली. मात्र वजन वरखाली होत राहिले, तेथे लाभ उणावला. म्हणून उपासाचा अतिरेक नको. वैद्यकीय सल्ल्याने, संथपणे पण कायमचे वजन उतरवावे.

रिंग रोडवरील वाहनांच्या रांगेत आणि संगणकापुढे आपला दिवस सरतो. त्यातून चालण्यासाठी अर्धा तास काढावा. मनगटावर बोटे ठेवून अधूनमधून नाडी पाहावी; ती अनियमित भासली, तर विनाविलंब ई.सी.जी. काढून घ्यावा. घरचे माणूस झोपेत गुदमरत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये.