मालक बदलतो तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात रविवारी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला सांगितलं, ‘तुझ्या श्रद्धेतली एकच गोष्ट सांग, पण प्रवचन नको.’ अट कठीण आहे, तरी पाळतो. शाळेच्या प्रार्थनेत ‘पापापासून मुक्ती’ हे शब्द आपण सगळ्यांनीच दहा वर्षं ऐकले, ख्रिस्ती मुलांनीही आणि इतरांनीही. आज त्या शब्दांबद्दलच बोलतो, कारण साठी ओलांडल्यावर ते मला वेगळे ऐकू येतात.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौलाने हा विषय मांडला आहे. हे पत्र साधारण इ.स. 57 च्या सुमाराचं, करिंथ शहरातून लिहिलेलं. वाचणारे कोण होते ते पाहा. पत्राच्या शेवटी पौल एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो. त्यातली अंप्लियात, पर्सिस अशी काही नावं त्या काळी गुलामांना आणि गुलामीतून सुटलेल्यांना ठेवली जात. म्हणजे मालक या शब्दाचा अर्थ या मंडळींना पुस्तकातून शिकायचा नव्हता.

अशा लोकांना पौल काय सांगतो? तुम्ही पापाचे गुलाम होता, आता सुटलात आणि देवाचे दास झालात. ऐकणाऱ्याला वाटेल, ही कसली सुटका? एका दावणीचं सोडून दुसऱ्या दावणीला बांधलं! पौलालाही हे जाणवलं असावं. कारण तो मध्येच थांबून म्हणतो की तुम्हाला समजावं म्हणून मी माणसांच्या व्यवहारातलं उदाहरण घेतो आहे. उपमा तोकडी आहे हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या महाराष्ट्रात तर हा शब्द जपूनच वापरावा लागतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याच अमेरिकेत मळेवाले आपल्या गुलामांना गप्प बसवायला पौलाचीच पत्रं वाचून दाखवत, हेही खरं आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते विसरू नये. माणूस माणसाचा मालक होतो तेव्हा त्याला देवाचं नाव देणं हेच पाप. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे जनाबाई आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ती खरोखरीची दासी, पण विठ्ठलाशी बोलताना तिची जीभ कुणापुढे अडखळत नाही. देवाची चाकरी माणसाला ताठ उभं करते, हे समजायला आपल्याला रोमला जावं लागत नाही.

आता मूळ मुद्दा. पौलाच्या मते बिनमालकाची जागा अशी नसतेच. मी कुणाचा नाही, माझ्या मर्जीचा, असं म्हणणारा माणूस बहुधा त्या मर्जीचाच नोकर असतो. आपल्या वयात हे पटायला फार पुरावा लागू नये. कुणाचा मालक राग, कुणाचा भावकीतला जमिनीचा दावा, कुणाचा तंबाखूची पुडी.

समोर आपल्याच वर्गातला एक मित्र बसला आहे. नाव घेणार नाही, बाकी सांगायला त्याने परवानगी दिली आहे. वीस-बावीस वर्षं दारू. नोकरी गेली, घरातलं सोनं गेलं, मुलगी बोलेनाशी झाली. शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाला, ‘बाटली सुटली रे, पण संध्याकाळ सुटली नाही. सहा ते नऊ मी काय करू?’

येशूने एक दृष्टांत दिला आहे. घरातून भूत निघून गेलं, घर झाडून लख्ख झालं, पण रिकामंच राहिलं. मग ते भूत आणखी सात सोबती घेऊन परतलं. माझ्या मित्राला हे कुणी शिकवलं नव्हतं, तो ते घर स्वतःच होता. त्याने काय केलं? संध्याकाळी सरकारी दवाखान्यात जायला लागला. ज्या रुग्णासोबत कुणी नसेल त्याची चाकाची खुर्ची एक्स-रेपर्यंत ढकलायची, औषधं आणून द्यायची, म्हाताऱ्यांची नखं कापायची. आत शिरण्याआधी फाटकापाशी दोन मिनिटं प्रार्थना. दुसऱ्या वर्षी एकदा घसरला. चार दिवस गेला नाही. पाचव्या दिवशी वॉर्डातल्या मावशींचा फोन आला, ‘दादा, आला नाहीत?’ तो मला म्हणाला, ‘गुत्तेवाला सोडून कुणीतरी माझी वाट पाहतंय, हे पहिल्यांदाच कळलं.’ त्या संध्याकाळी तो परत गेला. याला बारा वर्षं झाली.

पौल म्हणतो, तुमचे अवयव पापाच्या हाती देऊ नका, देवाच्या हाती द्या. तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ अवजार असाही होतो आणि शस्त्र असाही. मराठीला हे अवघड नाही. आपल्याकडे ‘हत्यार’ दोन्हींना म्हणतात. सुतारकामाच्या तासाला आपण पटाशीने काय काय केलं ते आठवा. फळीला खाच पाडली आणि बाकावर नावंही कोरली. पटाशी तीच. मित्राचे हातही तेच आहेत, अजून थोडे थरथरतात.

मग कुणी विचारेल, पापातून सुटलेला माणूस पुन्हा घसरतो कसा? याच पत्राच्या सातव्या अध्यायात मनात नसलेलं करून बसणाऱ्या माणसाची तगमग आहे. मला वाटतं, सुटका म्हणजे घसरणं बंद होणं नव्हे. सुटका म्हणजे घसरल्यावर जुन्या मालकाला हक्क सांगता न येणं. ‘आता गेलास, माझाच आहेस’ असं पाप म्हणतं, आणि ते खोटं असतं. ख्रिस्ताच्या मरणाने तो करार मिटला, असा आमचा विश्वास आहे.

अध्यायाच्या शेवटी पौल पापाकडून मिळतं त्याला सैनिकाच्या पगाराचा शब्द वापरतो आणि देवाकडून मिळतं त्याला फुकट दिलेल्या देणगीचा. आपल्यातले बरेच जण ‘सेवानिवृत्त’ आहेत. खरं म्हणजे आपण नोकरीतून निवृत्त झालो. पहिल्या तारखेला पगार घेत होतो, त्याला सेवा म्हणणं ही सरकारी भाषेची कृपा! देवाच्या सेवेत हिशेब उलटा आहे. आधी मिळतं, मग काम सुरू होतं. म्हणून ते काम करणाऱ्याने तोऱ्यात राहू नये, आणि न जमणाऱ्याने खचू नये.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला ‘मुक्ती’ हे नाव दिलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे आल्या. मुक्ती म्हणजे तिथे काय होतं? विणकाम, शेती, अक्षरओळख, छापखाना. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सबंध बायबल उतरवण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर प्रसिद्ध झालेलं ते बायबल आश्रमातल्याच बायकांनी छापलं. कधीकाळी अन्नाला मोताद झालेल्या हातांनी खिळे जुळवले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पोहे गार होताहेत म्हणे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसावं. आमचा मित्र मात्र चारच्या एसटीने निघणार आहे, त्याला सहाच्या आत वॉर्डात पोहोचायचं आहे. त्याच्याशी बोलायचं असेल तर आधी त्याला गाठा.