चेहऱ्यावरचा उजेड



वसंतात व्याख्याने ठेवण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात, लग्नसराई चालू असते, आणि ऊन असे असते की दिवसभर घरात बसलेला माणूस संध्याकाळी चार शब्द ऐकायला आपण होऊन बाहेर पडतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते या उन्हाविषयीच. म्हणजे उघड्यावर, उन्हा-सावलीत, माणसाचे छायाचित्र चांगले कसे काढावे याविषयी. कोणी म्हणेल, हा फोटोवाल्यांचा विषय, आम्हांला त्याचे काय? परंतु खिशातल्या मोबाईलमुळे आज बहुतेक घरांत कॅमेरा आलेला आहे. वधूवरांना घेऊन डोंगर-धबधबे धुंडाळणारे फोटोवाले आपण पावसाळ्यात पाहतोच. पैठणी विकणारा दुकानदार कोणा मुलीला ती नेसवून तिचा फोटो जाहिरातीत देतो. कॉलेजातली मुले-मुली तर रोजच एकमेकांची मॉडेल होतात. तेव्हा काढणारे आणि काढून घेणारे मिळून आपण सगळेच या विषयात आलो.

आणि त्र्यंबकेश्वराला तर हा विषय परका नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी याच गावी झाला. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. परंतु चित्रपटाच्या आधी ते छायाचित्रकार होते. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला, तेव्हा त्या चित्रपटाचा मुख्य दिवा कोणता होता? आपला सूर्य! आणि त्या दिव्याला मवाळ करण्याचे साधन होते पांढरी चादर. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रीकरण चालू असता पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत, असे सांगतात. आमच्या आजच्या भाषणाचा निम्मा अर्थ त्या चादरीत आहे. उरलेला निम्मा वेगळा आहे, त्याच्याकडे आपण मागाहून येऊ.

प्रथम सूर्याचा विचार करू. त्र्यंबकेश्वर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात, भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. खगोलप्रेमींना तो दिवस आनंदाचा. फोटोवाल्याला मात्र तितका वाईट दिवस नाही. माथ्यावरचे ऊन कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडते, भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे उरतात, नाकाची सावली ओठांवर येते. एखाद्या देखण्या मुलीला अशा उन्हात उभे केले तर ती आजारी दिसेल. आणि लोक नेमकी हीच वेळ धरतात, कारण दर्शन आटोपलेले असते, जेवण व्हायचे असते, आणि ‘उजेड भरपूर आहे’ असे वाटते. उजेड भरपूर असणे ही एक गोष्ट, आणि तो चेहऱ्यावर नीट पडणे ही दुसरी.

तो नीट पडतो की नाही हे पाहण्याची एक अगदी सोपी परीक्षा आहे. स्वतःचा तळहात चेहऱ्यासारखा समोर उभा धरावा आणि जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्यावी. कुठे तळहातावरच्या रेषा कडक आणि काळ्या दिसतील, कुठे सपाट होतील, आणि एका दिशेला हाताची गोलाई, उंचसखलपणा मऊपणे उठून येईल. त्या दिशेला माणसाचे तोंड करावे. देखावा कोणता मागे येतो याचा विचार त्यानंतर करावा. आपली बहुतेक बाहेरची छायाचित्रे बिघडतात ती या क्रमाच्या उलटापालटीने. आधी देऊळ किंवा धबधबा निवडला जातो, आणि माणसाला त्याच्यापुढे, उजेड असेल तसा, खुंटीसारखे उभे केले जाते.

मग उन्हाळ्यात करावे काय? उत्तर आपल्या वाडवडिलांनी बांधून ठेवले आहे: ओसरी, पडवी, ओवरी. वर छप्पर, मागे काळोख, पुढे उघडे अंगण. डोक्यावरचे ऊन छपराने अडवलेले, आणि अंगणातला परतलेला मऊ उजेड समोरून चेहऱ्यावर येणारा. परदेशी चित्रकारांनी मोठमोठ्या खिडक्या लावून जो उजेड स्टुडिओत आणला तो आमच्या आजीला ओसरीच्या कडेला बसून तांदूळ निवडताना फुकट मिळत असे. कॅमेऱ्यासाठी माणसाला ओसरीच्या कडेपासून दोन-तीन हात आत घ्यावे, तोंड अंगणाकडे करावे आणि किंचित एका बाजूला वळवावे. डोळ्यांत अंगणाचा एक शुभ्र ठिपका चमकतो. तो ठिपका असला की डोळे जिवंत दिसतात, नसला की विझलेले.

सावलीत उजेड पुरत नाही ही भीती मात्र बाळगू नये. फिल्मच्या काळात डब्याबरोबर उजेडाचे कोष्टक छापून येत असे, आणि त्याप्रमाणे उघड्या सावलीत कडक उन्हाच्या सुमारे एक अष्टमांश उजेड धरायचा असे. एक अष्टमांश हा आकडा ऐकायला लहान. पण चेहऱ्याच्या छायाचित्राला तो भरपूर होतो.

ओसरी नसेल तेथे सरस्वतीबाईंची चादर आहे. तिचे दोन उपयोग आहेत. दोघांनी मिळून ती माणसाच्या डोक्यावर ताणून धरली तर कडक ऊन गाळून खाली येते. समोरून, छातीच्या उंचीला तिरपी धरली तर उन्हाचा उजेड उलटून हनुवटीखाली आणि डोळ्यांत जातो. चंदेरी कागदाचे तक्ते बाजारात मिळतात, परंतु भर उन्हात ते डोळे दिपवतात आणि माणूस डोळे बारीक करतो. पांढरे धोतर किंवा चादर अधिक दयाळू. डोळे तरीही मिटत असतील तर माणसाला ते मिटूनच ठेवायला सांगावे, तीन अंक मोजावेत, आणि ‘उघडा’ म्हणताच बटण दाबावे.

पावसाळ्यात ही चादर निसर्गच धरतो. ब्रह्मगिरीवर ढग उतरले की सगळा आसमंत एक मोठा गाळलेला दिवा होतो, आणि पहिने परिसरातील धबधब्यांकडे जोडपी निघतात. तो उजेडही वरूनच येतो हे तेवढे ध्यानात ठेवावे, आणि चेहरा जरासा वर उचलायला सांगावा. हिवाळ्याचा नियम निराळा. ब्रह्मगिरी गावाच्या पश्चिमेच्या अंगाला सुमारे ५०० मीटर उंच उभा आहे. म्हणून संध्याकाळचे सोनेरी ऊन नाशकाच्या मानाने येथे लवकर डोंगराआड जाते. ज्याला ते हवे असेल त्याने घड्याळापेक्षा डोंगराकडे पाहावे, नाहीतर सकाळ धरावी.

आता अंतराविषयी दोन शब्द. मोबाईल हातभर अंतरावर धरला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. याचे खापर लोक लेन्सवर फोडतात; दोष जवळ जाण्याचा असतो. सहा-आठ फूट मागे सरावे, आणि मोबाईलमध्ये दुसरी, दूरची लेन्स असेल तर ती वापरावी. मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स यासाठीच मानलेली आहे. चेहऱ्यासाठी कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, आणि डोक्यापासून पायांपर्यंतच्या चित्रासाठी कमरेच्या उंचीला धरावा. उंच उभे राहून खाली रोखला तर पाय आखूड होतात.

वस्त्रांच्या छायाचित्रांत तर हे फार जपावे लागते. येवल्याची पैठणी याच जिल्ह्यातली. तिच्या पदराची जर कडक उन्हात पांढरी फटफटीत उठते, आणि त्यावरचे मोर नाहीसे होतात. मऊ उजेड एका बाजूने तिरपा आला तर विणीचा धागान् धागा दिसतो. नऊवारीचा कासोटा समोरून दिसत नाही; नेसलेली बाई चालती असावी, किंचित वळलेली असावी. कोणत्या अंगाने लुगडे शोभते हे फोटोवाल्यापेक्षा नेसणारीला अधिक कळते. तिला विचारावे.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. तो रंगाचा. त्र्यंबकेश्वराचे देऊळ काळ्या पाषाणाचे. नानासाहेब पेशव्यांनी ते बांधवले. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा असे धरून चालतो की समोरचे सगळे मिळून मध्यम राखाडी आहे; म्हणजे पडलेल्या उजेडाच्या शंभरांतले सुमारे १८ भाग परत येतात. काळी भिंत पुढे आली की तो समजतो अंधार आहे, आणि जास्त उजेड घेतो. भिंत राखाडी होते आणि पुढे उभा माणूस पिठात बुडवल्यासारखा दिसतो. उलट पांढरे आकाश किंवा धबधबा मागे असला की चेहरा कोळसा होतो. उपाय एवढाच की उजेड चेहऱ्यावरून मोजावा. मोबाईलवर चेहऱ्याला बोट लावावे, आणि मग चेहरा डोळ्यांना जसा दिसतो तसा दिसेपर्यंत उजेड वरखाली करावा.

डोळ्यांना दिसतो तसा. त्याहून गोरा नव्हे. येथे यंत्राची चूक संपते आणि माणसाची सुरू होते. कोडॅक कंपनी छापखान्यांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या वर्णाची स्त्री असे, आणि तिचा रंग हा बरोबर रंग, असे धरून जगभरचे फोटो छापले जात. सावळ्या चेहऱ्यांतले बारकावे त्या फिल्मवर बुडून जात. १९७० नंतर कंपनीने फिल्म सुधारली, आणि तीही चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी आपल्या मालाचे तपकिरी रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. २०२० मध्ये आपल्याकडे एका प्रसिद्ध मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. परंतु मोबाईलमधली ‘सौंदर्य’ नावाची कळ दाबली की तेच मलम आजही चेहऱ्यावर फिरते. गावोगावचे फोटोवाले, ‘गिऱ्हाईकाला आवडते’ म्हणून, लग्नाच्या अल्बमात सावळ्या वधूला दोन छटा उजळ करतात. त्या अल्बमातली मुलगी कोण? तिच्या मुलांनी उद्या आईचा कोणता चेहरा खरा मानावा? ज्या देवळाच्या काळ्या दगडाचे आपण कौतुक करतो त्याच्यासमोर उभ्या लेकीचा सावळा रंग पुसून टाकणे ही कलेची सुधारणा नाही. सावळ्या कातडीवर तिरपा मऊ उजेड पडला की गालाच्या हाडावर आणि खांद्यावर जी झळाळी येते ती पाहण्यासारखी असते. ती मिळवावी, म्हणजे पुसावेसे वाटणारच नाही.

आता चादरीपलीकडचा तो निम्मा अर्थ. फाळक्यांना तारामतीची भूमिका करायला बाई मिळाली नाही. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यापुढे आल्या. कॅमेऱ्यापुढे उभे राहणे म्हणजे आपली अब्रू दुसऱ्याच्या हाती देणे, असे त्या काळच्या बायकांना वाटे. आज मुली मोकळेपणाने उभ्या राहतात. तथापि विश्वासाचा व्यवहार तोच आहे. चित्र कोठे छापले जाणार, कोण पाहणार, कोणते टाकून द्यायचे, हे आधी सांगावे. अंगाला हात लावून उभे करू नये. आपण स्वतः तसे उभे राहून दाखवावे. ‘हसा’ असा हुकूम सोडू नये. दोन शब्द बोलावेत, हातांना काही काम द्यावे. संकोचलेल्या चेहऱ्याला कोणतीही लेन्स सुंदर करू शकत नाही.

आणि जो समोर आहे त्याच्याइतकाच मागे कोण आहे हेही पाहावे. त्र्यंबकेश्वर हे केवळ सुंदर पार्श्वभूमी नाही. नारायण नागबळीसाठी, त्रिपिंडीसाठी येथे देशभरातून माणसे येतात, आणि त्यांतली अनेक घरचे दुःख घेऊन आलेली असतात. कुशावर्तावर कोणी पितरांसाठी बुडी मारीत असताना त्याच्या मागेपुढे भरजरी वस्त्रातली मॉडेल उभी करणे, किंवा ओलेत्या बायका चौकटीत घेणे, हे कोणत्याही कलेच्या नावाखाली क्षम्य नाही. २०१५ च्या सिंहस्थात कॅमेऱ्यांची गर्दी आपण पाहिली; २०२६-२७ च्या सिंहस्थात प्रत्येक भाविकाच्या हातात कॅमेरा असेल. कोणाचा चेहरा घ्यायचा तर त्याला विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. नियम म्हणून एवढा एक या गावाने आपल्या मुलांना शिकवला तरी फाळक्यांचे जन्मगाव म्हणवून घेण्याचा अधिकार आपण राखला असे होईल.

हे सगळे करून पाहायला खर्च नाही. उद्या सकाळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ओसरीच्या कडेला बसवा, समोर पांढरी चादर पसरा, आठ फूट मागे सरा, मोबाईलमधली ती सौंदर्याची कळ बंद करा, आणि त्यांच्याशी त्यांच्या तरुणपणाविषयी बोलत राहा. बोलताना चेहरा खुलला की बटण दाबा. मग तो फोटो त्यांनाच आधी दाखवा. ‘हो, ही मीच’ असे त्या म्हणाल्या तर छायाचित्र साधले असे समजावे.