दीड वाजण्याची वाट



पोफळीत युरोपच्या फुटबॉलवर व्याख्यान ठेवले म्हणून काही मंडळी हसली. हसू द्या. रात्रपाळी ठाऊक असलेल्या गावाला हा विषय परका नाही. तिकडे पॅरिसला रात्री ९ वाजता चेंडू सुटतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजलेला असतो. मार्चअखेर तिकडची घड्याळे पुढे सरकली की साडेबारा. डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात जागणारा आणि पडद्यापुढे जागणारा, दोघांचीही नजर घड्याळावर.

बाद फेरीत बहुतेक सामने दोनदा होतात, एकेकाच्या मैदानावर, आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजतात. म्हणजे पहिल्या वेळी हरलेल्याच्या चाहत्याला मधले दिवस त्याच दुःखावर काढावे लागतात. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या सामन्याआधीची पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही तगमग निराळी सांगायला नको.

१ मे २०१९ रोजी बार्सिलोनाने लिव्हरपूलला ३-० असे हरवले. परतीच्या सामन्यात सालाह नाही, फिर्मिनो नाही. शहाण्याने अशा रात्री निजावे! पण ७ मे रोजी ॲनफिल्डवर ओरिगी आणि वाइनाल्डम यांनी दोन-दोन गोल केले. सामना ४-०, बेरीज ४-३.

आणि मी? खोटे कशाला बोलू, त्या रात्री दहालाच निजलो होतो. सकाळी रात्रपाळीवरून परतलेल्या शेजारच्या पोराने आकडा सांगितला. मी त्याला तीनदा विचारले.