सफरचंद नव्हे, सीताफळ

पुस्तकांतल्या शरदात लाल सफरचंदं असतात. आपल्या दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या. म्हणून आम्ही घरच्या बिस्किटांवर सीताफळच काढतो.

गेल्या दिवाळीत मात्र घाई नडली. गरम बिस्किटांवरच आयसिंग लावलं, ते ओघळलं आणि पहिलीच ऑर्डर हातची गेली. आता बिस्किटं पूर्ण गार करतो. वाटीभर पिठीसाखरेत थेंब थेंब पाणी घालून दाटसर आयसिंग करतो. त्यातलं निम्मं हिरवं करून बिस्किटावर पसरतो, रात्रभर सुकू देतो. सकाळी पांढऱ्या रेघांनी डोळे काढतो.

डोळे उघडले की सीताफळ उतरवायचं, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेवढाच दम बिस्किटांसाठीही धरा. यंदा त्याच घरून आम्हाला पुन्हा ऑर्डर आली आहे!