चाळिशी नाकावर आली तेव्हा
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या मालिकेत आमच्या आधी विद्वान वक्ते बोलून गेले. कोणी प्रतीत्यसमुत्पाद उलगडून सांगितला, कोणी अष्टांगिक मार्ग. आमच्या वाट्याला विषय आला 'जरा', म्हणजे म्हातारपण. आम्ही संयोजकांना विचारले, "यासाठी आमचीच निवड का?" त्यावर एक तरुण कार्यकर्ता अगदी निरागसपणे म्हणाला, "काका, तुम्हाला अनुभव आहे ना!" मित्रांनो, आम्ही अवघे ४६ वर्षांचे आहोत. 'काका' ही हाक पहिल्यांदा कानावर आली, तेव्हा कोण काका आले म्हणून आम्ही मागे वळून पाहिले होते. मागे फक्त भिंत होती.

आपली मराठी भाषा मोठी बेरकी आहे. चाळिसाव्या वर्षालाही चाळिशी म्हणते आणि नाकावरच्या चश्म्यालाही चाळिशीच म्हणते. डोळ्यातील भिंगाची लवचिकता वयाबरोबर कमी होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. एवढे साधे शास्त्र आहे. पण आम्हाला वाटले, वर्तमानपत्रवाल्यांनी शाई वाचवण्यासाठी अक्षरेच बारीक केली. पेपर आम्ही हातभर लांब धरू लागलो. पुढे हातही पुरेना. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "पेपर शेजारच्यांच्या ओट्यावर ठेवून येते, तुम्ही इथून वाचा."

तरीही दोन वर्षे आम्ही चश्मा केला नाही. केसांना कलप लावला. जिना चढताना मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघण्याची सवय लावून घेतली, म्हणजे दम लागला हे कोणाला कळू नये. विहारात पंचांग प्रणाम करताना खाली जाणे सोपे असते. वर येताना शेजारच्या उपासकाचा खांदा शोधावा लागतो. तेव्हाही आम्ही पाय मुरगळल्याचा बहाणा करत होतो. थोडक्यात, वय लपवण्यासाठी जेवढे कष्ट घेतले, तेवढे व्यायामासाठी घेतले असते तर लपवायची वेळच आली नसती.

आता थोडे गांभीर्याने. सिद्धार्थाने एके दिवशी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि गृहत्याग केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच या कथेवर बोट ठेवले. गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थ २९ वर्षांचे होते. म्हातारपण, आजार, मृत्यू या तर रोज घडणाऱ्या गोष्टी. त्या २९ वर्षांत एकदाही नजरेस पडल्या नाहीत, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी मांडले. गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या भांडणात दाखवले.

आम्हाला यातून एक साधी गोष्ट समजली. म्हातारपण एखाद्या दिवशी रस्त्यात अचानक भेटत नाही. ते आपल्या बँकेच्या कर्जासारखे हप्त्याहप्त्याने येते. एक हप्ता डोळ्यांचा, एक गुडघ्यांचा, एक विसरण्याचा. नोटीस रोज येत असते, आपण पाकीट फोडत नाही इतकेच.

खुद्द तथागतांनी मात्र वय लपवले नाही. संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात संध्याकाळी भगवान उन्हाकडे पाठ करून बसले आहेत. आपल्याकडे थंडीत आजोबा बसतात ना, तसेच. आनंद त्यांचे अंग चोळता चोळता नवलाने म्हणतो की, आपली कांती पूर्वीसारखी राहिली नाही, अंगाला सुरकुत्या पडल्या, शरीर पुढे झुकले. भगवान रागावत नाहीत. असेच असते आनंदा, तारुण्यातच जरा असते, असे ते समजावतात. पुढे ८० व्या वर्षी वैशालीजवळ बेळुव गावी त्यांचा अखेरचा वर्षावास झाला. तिथे मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी आपल्या देहाला पट्ट्या बांधून कशाबशा चालणाऱ्या जुन्या गाडीची उपमा दिली. या उपमेत तक्रार नाही. जे आहे ते जसेच्या तसे पाहणे आहे, आणि आम्हाला तर त्यात हलकेसे हसूही दिसते.

तसे हसू आम्ही एकदा आमच्या खिडकीवर पाहिले. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला नसेल तर पेन्शन थांबते. माणूस समोर उभा असला तरी तो जिवंत असल्याचा कागद लागतो. त्या गर्दीत एक आजी आल्या. यजमान रेल्वेत गँगमन होते, त्यांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आम्ही बिनचश्म्याचे. त्यांचा कागद कधी लांब, कधी आणखी लांब धरत होतो. आजींनी जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, तुला वाचता येईना आन् मला तर मुळातच येत नाही. मग आता कोण वाचणार?"

सगळी रांग हसली. बी. ए. झालेला कारकून लाजून खाली पाहू लागला.

नंतर त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला. उमटेना. पुसला, पुन्हा ठेवला, दुसरी बोटे ठेवली. एकही रेघ यंत्राला सापडेना. जन्मभर राखेने लोकांची भांडी घासून बोटे गुळगुळीत झाली होती. आजी म्हणाल्या, "अंगठा लोकांच्या भांड्यांवर गेला. बाकीची मी इथंच हाय, बघ." या वेळी रांगेतले कोणी हसले नाही. हसल्या त्या एकट्याच. शेवटी अधिकाऱ्यांनी त्यांना समोर पाहून कागदी दाखल्यावर सही केली.

त्याच संध्याकाळी आम्ही चश्मा केला.

घरी आलो आणि आई आठवली. तिची जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती. आमची तरी कुठे खरी आहे? गुरुजींनी १ जून लिहून टाकली. आईला चाळिशीचा चश्मा कधी लागला नाही असे आम्हाला वाटत होते. कारण वाचायला तिला कोणी शिकवलेच नव्हते. पण गोधडी शिवायला बसली की सुई-दोरा आमच्या हाती देऊन ती म्हणायची, "ओवून दे रे, तुझे डोळे कोवळे हायेत." तिलाही दिसत नव्हते. तिची चाळिशी आम्हीच होतो, हे समजायला आम्हाला स्वतःच्या चाळिशीपर्यंत थांबावे लागले.

बंधू-भगिनींनो, पेपरातले अक्षर दिसत नाही ही आमची तक्रार शिकलेल्या माणसाची तक्रार आहे. ती करता यावी म्हणून कोणाच्या तरी अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेल्या. म्हणून आपल्या वयावर खुशाल हसा, पण ते झाकू नका. साखर तपासा, रक्तदाब तपासा, चश्मा लावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आम्हाला 'काका' म्हणा, आमची हरकत नाही. परंतु मोबाईल चालवता येत नाही म्हणून आजी-आजोबांना हसू नका. २०२१ पासून हयातीचा डिजिटल दाखला मोबाईलवर चेहरा ओळखूनही देता येतो. तिथे अंगठा लागत नाही. येत्या नोव्हेंबरातला एक रविवार संस्थेने विहारात यासाठी ठेवावा आणि तुम्ही तुमचे मोबाईल घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे. या वडीलधाऱ्यांची चाळिशी आता तुम्ही आहात. सुई तेवढी ओवून द्या.

आम्ही थांबतो. उठताना कोणीतरी हात द्या म्हणजे झाले.

नमो बुद्धाय! जय भीम!