वडिलांचा टेम्पो

(ज्युबिलीच्या संमेलनांत आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली-समितीनें मला आवडीच्या कोणत्याहि विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. वेदीवरून मीं तुम्हांस पुष्कळ उपदेश केला; आज तो करणार नाहीं. बाहेर आवारांत चिंचेखालीं जें तीन चाकांचें निळें वाहन उभें आहे, आणि ज्याच्याभोंवतीं मुलें सकाळपासून घिरट्या घालीत आहेत, त्याविषयीं मी बोलणार आहें. तें कोर्लईहून येथें स्वतःच्या चाकांवर आलें नाहीं. दुसऱ्या मोठ्या टेम्पोवर चढवून आणावें लागलें. टेम्पोवर टेम्पो बसलेला पाहून वाटेंत लोक हंसले. बाबा मात्र हंसले नाहींत. त्यांना तो त्या गाडीचा अपमान वाटला.

प्रथम या नांवाविषयीं. माल वाहणाऱ्या कोणत्याहि लहान गाडीस आपण ‘टेम्पो’ म्हणतों, तो शब्द जणुं आपल्या आजीच्या तोंडचा असावा तसा. वस्तुतः हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचें तें नांव. त्या कारखान्याशीं करार करून श्री. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि ‘हॅन्सिएट’ नांवाची तीनचाकी आपल्याकडे बनूं लागली. आरंभींचा कारखाना मुंबईंत गोरेगांवास होता. पुढें तो पुण्याजवळ आकुर्डीस गेला. कंपनीनें २००५ सालीं नांव बदलून फोर्स मोटर्स केलें. पण कागदावरून गेलेला टेम्पो लोकांच्या जिभेवरून कांहीं उतरला नाहीं. माझी सेमिनरीहि गोरेगांवचीच, म्हणून बाबा म्हणत असत, “टेम्पोचा वंश आणि तुझें शास्त्र, दोन्ही गोरेगांवचींच, फरक एवढाच, कीं टेम्पो ओझें वाहतो.”

या गाडीची रचना मोठी गमतीची आहे. पुढें एकच चाक. इंजिन त्या चाकाच्या डोक्यावर, आणि त्याची सारी शक्ति त्याच चाकाला. इंजिन टू-स्ट्रोक जातीचें, म्हणजे त्याला वंगण वेगळें मिळत नाहीं. पेट्रोलांत ऑइल मिसळून द्यावें लागतें. विसरलांत तर पिस्टन जागच्या जागीं जाम होतो.

बाबांनीं ही गाडी १९७२ सालीं घेतली. त्या वेळीं साळावचा पूल नव्हता. कोर्लईच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडचें रेवदंडें डोळ्यांस दिसे, परंतु गाडीनें तेथें जावयाचें तर रोह्यावरून वळसा. म्हणून ते मासळी घेऊन रोह्यास व मुरुडास जात, आणि येतांना बर्फ आणीत. सुरमई, बोंबील, कोळंबी यांवर आमच्या घरांतलीं पांच तोंडें खाऊन वाढलीं आणि माझी फीहि त्यांतूनच गेली. २००३ मध्यें गाडी थांबली, ती वाडींतल्या छपराखालीं वीस वर्षें उभी राहिली. भंगारवाला दोनदां येऊन गेला. दुसऱ्या खेपेस त्याच्याशीं भाव मींच ठरवीत होतों, हें येथें कबूल करतों. बाबा माजघरांतून बाहेर आले आणि एवढेंच म्हणाले, “अजून एकदां हिचा आवाज ऐकायचा आहे.” त्या वेळीं त्यांचें वय ऐंशीच्या पुढें होतें, एका डोळ्यांत मोतीबिंदु होता आणि बोटें थरथरत होतीं.

तेव्हांपासून, म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरपासून, माझे सुटीचे सोमवार त्या छपराखालीं जाऊं लागले. पावसाळ्यांत काम बंद. असे दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे गेले.

आपल्या किनाऱ्यावर लोखंडाचा खरा वैरी कोण, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. हवेंतलें मीठ तर होतेंच. पण त्याहून घातक होतें मासळीच्या पेट्यांतून झिरपलेलें बर्फाचें खारट पाणी. हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून तें तीस वर्षें चॅसीवर ठिबकत होतें. फळ्या उचलल्या, तेव्हां खालचें पोलाद पापडासारखें झालें होतें. मीं पेंचकस टेकवला तो आरपार गेला. सडलेला भाग कापून नवें लोखंड वेल्डरकडून जोडून घेतलें.

मीं पहिला बोल्ट पहिल्याच दिवशीं मोडला. जोर लावला, डोकें तुटून हातांत आलें. बाबांनीं पाना माझ्या हातांतून काढून घेतला. मग त्यांनीं मला शिकवलें: रॉकेल आणि ऑइल मिसळून तीन दिवस सोडावें, नंतर भोंवतीं ऊब द्यावी, हलकेंच ठोकावें, आणि अर्धा आटा पुढें गेला तर पाव आटा मागें आणावा. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून पाना मी धरीत असें. पण बोल्ट सुटतो आहे कीं तुटतो आहे, हें त्याच्या कुरकुरीवरून ते मला सांगत. जाम पिस्टनहि असाच सुटला. प्लगच्या भोंकांतून तेल ओततां ओततां पांच सोमवार गेले. बोल्टांना शिव्या मात्र ते आमच्या कोर्लईच्या बोलींत देत. पोर्तुगीजांनीं चौल सोडलें १७४० सालीं, पण त्यांच्या भाषेपासून झालेली ही बोली आम्हीं घरांत जपली. तिला आम्ही ‘नौ लिंग’, आपली भाषा, म्हणतों. पौरोहित्याची दीक्षा झाल्यापासून बाबा मला चारचौघांत ‘फादर’ म्हणतात. छपराखालीं मी पुन्हां ‘पोरा’ झालों.

एकदां मीं अविचार केला. कार्बुरेटर लवकर व्हावा म्हणून त्यांना न सांगतां तो शहरांतल्या एका गॅरेजांत दिला. त्यांनीं जेटचें भोंक मोठें करून परत पाठवला. परिणाम असा झाला, कीं इंजिन नुसतें पेट्रोल पिऊं लागलें आणि प्लग काळे करूं लागलें. बाबा दोन सोमवार माझ्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या सोमवारीं त्यांनीं तंबाखूची जुनी डबी पुढें ठेवली. तींत त्यांनीं राखून ठेवलेला एक जेट होता.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. बाबा या क्षणीं सभेंत नाहींत, ते गाडी सोडून आंत यावयास तयार नाहींत, म्हणूनच सांगण्याचा धीर होतो. स्मरणिकेंत छापून आल्यावर कोणी त्यांना वाचून दाखवील, तर दाखवो.

१९९० सालीं मी सेमिनरीस निघालों, तेव्हां माझी पत्र्याची पेटी याच गाडींतून रेवस बंदरास गेली. तेथून भाऊच्या धक्क्याची लाँच मिळावयाची होती. धक्क्यावर माझे सोबती आपापल्या आईबापांसह उभे होते. गाडीला मासळीचा वास येत होता. मीं म्हटलें, “बाबा, इथेंच थांबा, मी चालत जाईन.” त्यांनीं गाडी थांबवली, पेटी माझ्या डोक्यावर चढवून दिली आणि ते मागें वळले. पुढें कबुलीजबाबाला मीं कितीदां गुडघे टेकले. पण ज्यांना सांगावयाचें, त्यांना तें तेहतीस वर्षें सांगितलें नव्हतें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सायलेन्सर साफ करीत होतों. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरांत काजळीचा थर बसतो. तो तापवून खरवडावा लागतो. आंतला तेलकटपणा त्याला गंजापासून बराच वांचवतो, म्हणून हा एक भाग मूळचाच टिकला होता. बाबा एकाएकीं म्हणाले, “त्या सालीं रेवसला हाच फुटला होता. फार आवाज करीत होता. म्हणून गाडी मींच अलीकडे थांबवली. उगाच तुझ्या सोबत्यांपुढें तुला लाज वाटली असती.”

सायलेन्सर माझ्याच हातांत होता. मीं तो सगळीकडून फिरवून पाहिला. त्याला कोठेंहि ठिगळ नव्हतें, कीं वेल्डिंगचा डाग नव्हता. बाबा छपराबाहेर पाहत होते. मीं पुन्हां खरवडूं लागलों.

गाडी गेल्या महिन्यांत सुरू झाली. लाथेनें नव्हे, धक्क्यानें. पण सुरू झाली. रस्त्यावर ती नेतां येत नाहीं. जुन्या वाहनांना ‘व्हिन्टेज’ म्हणून मान देणारा नियम सरकारनें २०२१ सालीं केला. परंतु तो पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि खासगी चारचाकी यांच्यापुरता. तीन चाकांवर मासळी वाहणारास त्यांत जागा नाहीं. बाबांना मीं हा नियम समजावून सांगितला, तेव्हां ते म्हणाले, “आपण कुठें मान मागितला?” तथापि टेम्पोवर चढतांना त्यांचें तोंड कसें झालें होतें, तें मीं पाहिलें आहे.

चर्चचें आवार मात्र आपलें आहे. चहा झाल्यावर मुलांनीं चिंचेखालीं रांग लावावी. एका वेळीं चारच मुलें हौद्यांत बसतील. चालवणार मी, बाबा शेजारीं बसून इंजिन ऐकतील, आणि त्यांनीं हात वर केला कीं मी थांबेन. धूर बराच होईल. ज्या भगिनींनीं आज ठेवणींतलीं लुगडीं नेसलीं आहेत, त्यांनीं कृपा करून वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभें राहावें.