लोण्याचा हिशोब
(श्रीगोंदा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तालुक्यात लोणी व्यंकनाथ आहे, तिकडे राहाता तालुक्यात प्रवरेची लोणी आहे. गावाच्या नावात लोणी राहिलं. घरात किती राहिलं, ते आज बघू.

लोणी कशाचं होतं? दुधाचं, असं पोरसुद्धा सांगेल. आणि दूध कशाचं? श्रीगोंदा-कर्जत-जामखेडच्या कडब्याचं आणि शेवगाव-पाथर्डीच्या सरकीचं. सरकीत तेल असतं, म्हणून म्हशीला सरकी घातली की फॅट चांगली लागते. म्हणजे आपली ज्वारी आणि कपाशीच म्हशीच्या पोटातून लोणी होऊन बाहेर येते.

पण आपोआप येत नाही. दूध विरजायचं, डेऱ्यात दही घालायचं, घुसळखांबाला रवी बांधायची आणि पहाटेच्या गारव्यात दोरी ओढायची. उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, थंडीत कोमट. थर्मामीटर नव्हता, बाईच्या हाताला कळत होतं. लोणी लवकर खवट होतं, कढवून केलेलं तूप महिनोन्महिने टिकतं. रस्ते नव्हते तेव्हा दूध बाजारापर्यंत पोचत नव्हतं, तूप पोचत होतं. त्या तुपाचे चार पैसे बाईच्या पदराच्या गाठीला राहत. आणि ताक विकायचं नसे. ज्याच्या दावणीला दुभतं नाही, त्याच्या भाकरीला ते जायचं.

एकनाथ महाराजांच्या गवळणींत दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी भेटतात. पंढरीत काकड्याला विठोबापुढे लोणी-खडीसाखर ठेवतात. गोकुळाष्टमीला हंड्या फुटतात. देवानं लोणी खाल्लं त्याची गाणी झाली. जिनं घुसळलं तिच्या मजुरीचा हिशोब कोणी मांडला नाही.

पुढे डेअरी आली. 1946 साली आणंदला खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी आपला दूध संघ काढला. 1970 साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं. दुधाला रोखीचं गिऱ्हाईक मिळालं, दुष्काळात चूल पेटती राहिली, हे नाकारायचं कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ऑपरेशन फ्लडच्या पहिल्या टप्प्यासाठी युरोपातून 42,000 टन बटर ऑइल आणि 1,26,000 टन दूध पावडर मदत म्हणून आली. तिकडे एवढं कुठून उरलं? शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणून तिथली सरकारं लोणी विकत घेऊन गोदामं भरत होती. 'लोण्याचे डोंगर' म्हणत त्याला. त्यांच्या लोण्याला सरकारचा आधार होता. आपलं लोणी मात्र फॅटच्या आकड्यावर उभं आहे.

म्हणून तो आकडा समजून घ्या. म्हशीचं 10 लिटर दूध घातलं आणि फॅट 6 लागली, तर ढोबळ मानानं 600 ग्रॅम स्निग्धांश गेला. बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश लागतो, म्हणजे पाऊण किलो बटर तुमच्या कॅनमधून गेलं. आता तोच आकडा साडेपाच लिहिला गेला, तर रोज 50 ग्रॅम बुडाले. महिन्याला दीड किलो तूप! आपल्या डोळ्यांदेखत लोणी जातं आणि आपण पावतीवर फक्त लिटर वाचतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. दूध घालताना मशीनवरचा आकडा स्वतः बघा आणि वहीत लिहा. दुधाचं खातं घरातल्या बाईच्या नावावर काढा, कारण धार, शेण, चारा तिच्याच अंगावर आहे आणि तुपाचा पैसा पूर्वी तिचाच होता. आणि आठवड्यातून एक वेळचं दूध घरी ठेवा. पोराच्या ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा पडू द्या, शेजारी तांब्याभर ताक जाऊ द्या.

कडबा आपला, सरकी आपली, म्हैस आपली. मग लोण्याचा हिशोबही आपल्याच वहीत पाहिजे.